हिवाळी बाजार

जर्मनीत ड्रेस्डेन नावाच्या शहरात १४३४ सालापासून नाताळचा बाजार भरतो. ही बातमी चौसाळ्यात पोचायला थोडा उशीर झाला. पण पोचताच आमच्या उत्साही मंडळींनी संक्रांतीचा ‘हिवाळी बाजार’ भरवायला समिती नेमली. उद्घाटन कोणी करायचं यावर तीन बैठका झाल्या. बँकेत कारकून म्हणून खजिनदारी माझ्या गळ्यात. शिल्लक शून्य, त्यामुळे हिशेब चोख!

दरम्यान समितीला न विचारताच बाजार भरला. भोगीच्या आदल्या दिवशी बायका पोती अंथरून बसल्या. सुगडं, तीळ, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी. ना अध्यक्ष, ना हार.

“गिऱ्हाईक कमी दिसतंय, मावशी?”

“दिवाळीलाच उसाला गेलंय की, सायेब. तिकडं कारखान्याला ऊस तोडायलेत.”

खरंच. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’! त्यांची संक्रांत उसाच्या फडातच. सुगडात घालायला कांडकी मात्र मुबलक.

चौथ्या बैठकीत मी ठराव मांडला : हिवाळी बाजार पाडव्यानंतर भरवावा. मंडळी हसली. म्हटलं, थंडी नसेल हो. पण गाव तरी असेल!