उशीखालची वही

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातल्या माझ्या खोलीसोबत्याने उशीखालची माझी रोजनिशी काढली आणि सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली. रोजनिशी लिहिणारा म्हणजे एकलकोंडा, रिकामटेकडा, नाही तर प्रेमभंग झालेला, अशी आपल्याकडे समजूत. वहीत निघाले काय, तर खानावळीची उधारी, दोन-चार तक्रारी आणि ओळीओळीला ‘मी’. प्रेमभंग निघाला असता तर निदान अब्रू तरी राहिली असती!

रागाच्या भरात गावी गेलो आणि आजीकडून आजोबांची वही मागून घेतली. आमचे मूळ गाव नाथसागराच्या पाण्याखाली आहे. पैठणला धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरण पुरे झाले, त्या दरम्यानची ही वही. आजोबा चौथी शिकलेले शेतकरी. घरात माणसे सतरा, तेव्हा एकलकोंडेपणाची सोयच नव्हती! बैलांना वैरण टाकून झाली की कंदिलापाशी बसून लिहीत. पाऊस, कापसाचा भाव, कोणाकडे बारसे. घर सोडले त्या दिवशीची नोंद एवढीच: “तुळया सात, दारे चार, गाड्या दोन. आई मागच्या गाडीत.”

“त्या दिवशी आजोबा रडले का गं?” मी आजीला विचारले.

“रडले की. पण ते काय लिवायचं? समदेच रडत व्हते.”

मला माझ्या ‘मी’ची लाज वाटली. मग स्वतःविषयी लिहूच नये काय? तसेही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात स्वतःची कहाणी अभंगांतून सांगितली. तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने छळले, मारले, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. त्या ‘मी’ला आत्मप्रौढी म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आजोबांच्या नोंदीत जे नाही ते आता मी आजीकडून ऐकून माझ्या वहीत उतरवतो. मागच्या गाडीत पणजीच्या मांडीवर तुळशीचे रोप होते, वाटेत तिने ते कोणालाही धरू दिले नाही, इथपर्यंत आलो आहे.

खोलीसोबती अजूनही वही चोरून वाचतो. परवा दिवा मालवल्यावर अंधारातून त्याने विचारले, “काय रे, ती तुळस पुढे जगली का?”