दिवा लागला म्हणजे जीव आहे!

कॅप्स लॉक! कीबोर्डवरचा तो इवलासा दिवा! इतकी वर्षं बोटं बडवली, आणि तो दिवा म्हणजे कॉम्प्युटरची नाडी आहे हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटले आहे. मासळीवालीलासुद्धा सांगून झालं.

आधी दुखणं सांगते. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर ११ काही बसेना, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. मी दहावीच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. काम झकास चाललं होतं. मग एका रात्री भूमितीचा शेवटचा प्रश्न लिहिताना पडदा थिजला. माउस हलेना, कोपऱ्यातलं घड्याळ ११:४२ वर अडकलेलं. बटण दाबून धरलं आणि बंद केला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग दिवसातून दोनदा. बिल्डिंगमधल्या जाणकारांचं निदान ठरलेलं : हँग होतोय, जुना झालाय, भंगारात द्या.

भाच्याला फोन केला. "आत्या, बंद करायच्या आधी कॅप्स लॉक दाबलंस का? दिवा लागला तर आतलं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिवंत आहे, फक्त वरचं दुकान बसलंय. नाही लागला तर बहुधा खालीच काहीतरी आहे."

बस्स! पुढच्या वेळी पडदा थिजला आणि मी घाबरण्याऐवजी चक्क खूश झाले. दाबलं. दिवा लागला! सावकाश, कुरकुरत, पण लागला. डिस्कचा दिवा तर एकसारखा पेटलेलाच. दोन दिवसांनी पुन्हा थिजला, तेव्हा मात्र काही नाही. ठार अंधार. म्हणजे आजार दोन होते आणि चेहरा एक! आमच्या खाडीवरच्या सारसोळे जेट्टीवर ओहोटीला उभं राहा. चिखलात रुतलेली होडी आणि इंजिन बिघडलेली होडी लांबून सारख्याच दिसतात. एकीला भरती येईपर्यंत थांबायचं असतं, दुसरीला मेकॅनिक लागतो.

आणि मग ती वही सापडली. लिनक्स स्वतःची रोजनिशी लिहीत असतं हो! टर्मिनल उघडायचं आणि लिहायचं जर्नलसीटीएल, जागा, वजा बी, जागा, वजा एक. भाचा फोनवर अक्षरं सांगत होता, मी पाढे म्हणावेत तशी परत म्हणत होते. एवढं लिहिलं की मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाची सगळी नोंद समोर, मिनिटामिनिटाची. शेवटी वजा ई जोडलं की थेट शेवटच्या ओळींवर.

दिवा लागला होता त्या दिवशीच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं, आउट ऑफ मेमरी. रॅम भरली, मशीन डिस्कवरच्या स्वॅपमध्ये सामान हलवत बसलं आणि त्या ओढाताणीत पडदा अडकला. शेवटी कर्नलने स्वतःच ब्राउझरला ठार केलं. आधीच्या खेपांना मी मात्र तोवर वाट न बघता बटण दाबत होते! चाळीसेक टॅब उघडे ठेवणारी मीच. अर्लीऊम नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला. तो रॅम संपत आली की आधीच एखाद्याला बाहेर काढतो. ती होडी सुटली.

आणि दिवा लागला नव्हता त्या दिवशीच्या वहीत काय? काहीच नाही! ११:४१ ला एक साधी नोंद, आणि पुढे कोरं. तक्रार नाही, इशारा नाही. लिहिणाऱ्याच्या हातातून पेन गळावं तसं. भाचा म्हणाला, "आता रॅम तपास."

त्यासाठी मेमटेस्ट८६ प्लस. मूळ मेमटेस्ट ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलं. करतं काय, तर रॅमच्या घराघरात शून्य-एकचे नमुने लिहितं आणि परत वाचतं. शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेले डबे मोजून परत घ्यावेत तसं! पेनड्राइव्हवरून चालू केलं, चहा ठेवला, परत येते तो पडदाभर लाल ओळी. डबे कमी भरत होते. मी टाळी वाजवली. घरचे बघतच राहिले.

४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. वायर काढून, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून, एकेक वेगळी तपासली, एकच लाल. तिच्या पिवळ्या टोकांवर काळसर पुटं. खाडी इतकी जवळ, खिडकीच्या बिजागऱ्या गंजतात तिथे ह्या पट्टीचं काय घेऊन बसलात! निदान माझा संशय तरी खाडीच्या हवेवरच आहे. शाळकरी खोडरबराने हलकेच घासली, कण झटकले, परत बसवली. रात्रभर मेमटेस्ट. सकाळी लाल ओळ एकही नाही.

मध्ये एक गंमत राहिली. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी एकेक दाबलं की, कर्नल जिवंत असेल तर, अडकलेलं मशीनही सभ्यपणे रीस्टार्ट होतं. माझ्याकडे शेवटची तीनच अक्षरं चालत! कारण मिंट उबुंटूच्या घराण्यातलं, आणि त्या घराण्यात ही अक्षरं चालवायची परवानगी १७६ या आकड्यात असते. १६ म्हणजे डिस्कवर लिहून टाक, ३२ म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, १२८ म्हणजे रीस्टार्ट. करा बेरीज! मी गणिताची बाई, अर्धा तास तेवढ्यावरच हरखून बसले.

पुढे एकोणीस दिवस सलग चाललं. अपटाइम लिहून रोज आकडा बघायचे. विसाव्या दुपारी सगळ्या बिल्डिंगची लाइट गेली. आल्याबरोबर मी मागची वही उघडली. शेवटची नोंद साधी, पुढे कोरं, अगदी त्या ११:४१ सारखं. लगेच ड्रॉवरमध्ये खोडरबर शोधायला लागले, आणि मग माझं मलाच हसू आलं.