कॅलिपरमधील रबर

आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगरच्या कायनेटिक कारखान्याची लूना १९७२ साली बाजारात आली, तेव्हा तिचे ब्रेक ड्रमचे होते. तार ओढली की लायनर ड्रमला घासत, तार सोडली की स्प्रिंग त्यांना मागे ओढी. डिस्क ब्रेक आपल्याकडे सर्रास दिसू लागला तो २००१ च्या पल्सरनंतर. त्यात तार नाही आणि मागे ओढणारी स्प्रिंगही नाही. लिव्हर दाबली की ब्रेक ऑइल कॅलिपरमधील पिस्टनला ढकलते आणि पॅड डिस्कला आवळतात. मग लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे कोण घेते? त्याच्याभोवती खाचेत बसवलेली एक चौकोनी छेदाची रबरी कडी, जिला मेस्त्री सील म्हणतात. पिस्टन पुढे सरताना ती किंचित पिळवटते आणि दाब जाताच मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे आणते. चाकाची सारी मोकळीक त्या केसभर अंतरात आहे.

हे रबर म्हातारे झाले, किंवा पिस्टनला गंज चढला, की ब्रेक सुटत नाही. आमच्या अकरा वर्षांच्या गाडीचे तेच झाले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेहून परतताना राहुरीला थांबलो, तो डिस्कजवळ हात नेववेना.

नगरच्या एका दुकानदाराने तीन पुड्या समोर ठेवल्या. एक गाडीच्या कंपनीची, दुसरी ब्रेक बनवणाऱ्या कारखान्याची, तिसरी बिननावाची. तिसरीची किंमत पहिलीच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि त्याच आठवड्यात मुलाची फी भरायची होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, घाटात आपण तिघे असतो. पेटी कोणाची ते मला कळत नाही, पण नाव नसलेली नको."

कंपनीची नसलेली प्रत्येक वस्तू डुप्लिकेट, असे मानण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाही. गाडी बनवणारे ब्रेक बहुधा स्वतः बनवीत नाहीत. आमच्या एका अंगास चाकण आणि दुसऱ्या अंगास वाळूज. ब्रेम्बोचे बायब्रे कॅलिपर चाकणचे, तर एन्ड्युरन्सचे माहेर वाळूज. ब्रेक बनवणाऱ्याचाच माल कधी गाडीच्या कंपनीच्या पेटीतून, कधी त्याच्या स्वतःच्या पेटीतून विकला जातो. म्हणून पॅड आम्ही दुसऱ्या पेटीतले घेतले. सील मात्र कंपनीचेच घेतले, तेही पार्ट नंबर ताडून. कारण दिसायला सारख्या दोन कॅलिपरांच्या पिस्टनचा व्यास निराळा असू शकतो, आणि खाचेत सैल बसलेले रबर पिस्टनला मागे आणीत नाही.

भिंगारच्या वाटेवरील मेस्त्रीने तोंडाशी फडके धरून लिव्हर दाबीत दाबीत पिस्टन बाहेर काढला. त्यावर गंजाचे खड्डे होते. पॉलिश पेपर मारून भागेल असे तो म्हणाला. आम्ही नवाच मागितला. मग त्याने सवयीने पेट्रोलचा डबा ओढला, तो मात्र आम्ही दूर सारला. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यांनी हे रबर फुगते. ते ब्रेक ऑइलनेच धुवावे आणि त्यातच भिजवून बसवावे. मेस्त्रीला राग आला नाही. लाकडी काडीने खाच खरवडीत तो म्हणाला, "साहेब, सील निम्म्या वेळा चांगलंच असतं. घाण बसते ती खाचेत." खरोखरच पांढरट पुटाचा एवढा चुरा निघाला, की नुसते सील बदलणाऱ्यांचे ब्रेक पुन्हा का अडकतात ते तिथेच दिसले.

जुने ऑइल चहासारखे काळपट झाले होते. ते हवेतील ओल शोषते. मग उतारावर तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ जाते. दोन वर्षांनी ते बदलावे. नवे ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचेच घेतले, सीलबंद बाटलीतले. निपलला नळी लावून हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत ते सोडले. गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करायला मेस्त्री विसरला नाही, कारण पहिली दाब रिकामीच जाते.

पॅड नवे असल्याने पहिले दीड-दोनशे किलोमीटर ब्रेक करकचून मारू नका, असे त्याने बजावले. त्यामुळे करंजी घाटाने पाथर्डीला पाहुण्यांकडे जाण्याचा बेत पुढील रविवारवर गेला आहे. तोवर आमच्या फेऱ्या नगर ते भिंगार एवढ्याच.