नावेतला गालिचा

मुलांनो, तुम्ही कधी नावेत बसला आहात का? आपल्या भागात वैनगंगेच्या एका काठावर चंद्रपूर जिल्हा आहे आणि दुसऱ्या काठावर गडचिरोली. १९८२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला; पण काठावरच्या लोकांचे येणे-जाणे तसेच राहिले. जेथे पूल दूर आहे, तेथे नाव हाच रस्ता.

मी बी. एड. होऊन नुकताच शिक्षक झालो होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शाळेतील आठ-दहा मुले रोज नदी ओलांडून येत. नावाडी ढिवर समाजाचे होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची नाव सागवानी फळ्यांची होती. पावसाळ्यात तिच्या तळावर मुलांचे पाय घसरत. एकदा एक मुलगा पडला आणि त्याची वह्या-पुस्तके भिजली.

मला एक युक्ती सुचली. घरी एक जुना गालिचा पडून होता. उर्दूत आपण त्याला कालीन म्हणतो. त्याच्या पाठीला रबराचा थर होता. काका म्हणाले, "गुरुजी, मग लाकडाला हवा लागणार नाही जी." पण मी पडलो शिकलेला! मी ऐकले नाही. रबरी गोंद लावून गालिचा तळाला घट्ट चिकटवला. मुलांना फार आनंद झाला.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गालिच्याला कुबट वास येऊ लागला. तो ओढला, तर वरचे धागे हातात आले. रबर आणि गोंद मात्र फळ्यांना चिकटूनच राहिले. मी तारेच्या ब्रशने घासू लागलो. लाकडाच्या शिरा उखडू लागल्या. मग मी पेट्रोलची बाटली आणली. काकांनी माझा हात धरला. "थांबा जी, गुरुजी. हे पाण्यात जाईल. मासोळी मरेल. आमची लेकरे हेच पाणी पितात." मी मुकाट्याने बाटली परत नेली.

आम्ही नाव वाळूवर ओढून घेतली. काकांनी डागांवर गोणपाट पसरले आणि त्यावर कढत पाणी ओतले. थोड्या वेळाने गोंद मऊ झाला. मग बोथट लोखंडी पट्टीने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आम्ही तो हळूहळू खरवडला. उरलेला थर काथ्या आणि नदीच्या वाळूने घासला. एक-एक वीत जागा साफ करायला तास-तास लागे. निघालेले रबर आम्ही गोणीत भरले. नदीत एक तुकडाही टाकला नाही.

चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात पट्टी लाकडात रुतली, जणू भिजलेल्या भाकरीत बोट जावे तशी! फळी तळहाताएवढी कुजली होती. माझ्या अंगावर काटा आला. त्याच जागी रोज लहान मुले बसत होती.

असे का झाले? लाकूड भिजले आणि पुन्हा वाळले, तर त्याला फारसा धोका नसतो. पण ओलावा आत कोंडला की बुरशी वाढते आणि ती लाकूड पोखरते. गालिच्याखाली हेच घडले होते. वरून सारे छान दिसत होते.

सुताराने फळी बदलली. तिचा खर्च मी दिला. लाकूड चांगले वाळल्यावर काकांनी त्याला जवसाचे तेल लावले. पाय घसरू नयेत म्हणून बुरुडाकडून बांबूची तट्टी आणली. ती चिकटवली नाही, फक्त अंथरली. रोज संध्याकाळी मुले ती उचलत आणि वाळत घालत.

काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण शाळा उघडली, त्या दिवशी मी मुलांना सारे खरे सांगितले.

मुलांनो, चूक सर्वांकडून होते. ती झाली तर मान्य करा. मात्र तिच्यावर गालिचा अंथरू नका.