चढवत नाही

नांदेडच्या बसस्थानकावर सकाळी लातूरची एसटी लागली. आम्ही दोघे आणि अम्मी. लातूरला बहिणीकडे चार दिवस राहून यायचे, एवढाच बेत. एसटीची पायरी उंच. अम्मी दांडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, “मेरेसे चढ्या नै जाता.” मागे उभ्या असलेल्या मावशींनी विचारले, “चढवत नाही का आजी? द्या हात.”

आम्ही दोघेही शिक्षक. एकाची उर्दू, दुसऱ्याची मराठी. लोहा गेले, अहमदपूर आले, दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालू होती, तरी डोक्यात तीच दोन वाक्ये. वर्गात आम्ही ‘चढवते, चालवते’ ही शक्य क्रियापदे म्हणून शिकवतो. मराठीत ‘मला चालवते’ आणि ‘मला चालवत नाही’ दोन्ही चालते. उर्दूतले ‘मुझसे चला नहीं जाता’ मात्र बहुधा नकारातच ऐकू येते. दोन्हीकडे बोलणारा उणीव स्वतःकडे घेतो.

लातूरला भाची जपानी शिकते आहे. संध्याकाळी तिने आम्हाला गंजगोलाईत नेले. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात, त्या गर्दीत अम्मींचा हात धरून ती सांगत होती, “मामू, जपानीत ‘योमु’ म्हणजे वाचणे. ‘योमियासुइ’ म्हणजे वाचायला सोपे, ‘योमिनिकुइ’ म्हणजे वाचायला अवघड. क्रियापदाला शेपूट जोडले की झाले. ‘कोवारेरु’ म्हणजे मोडणे. ‘कोवारेयासुइ’ म्हणजे लवकर मोडणारे, नाजूक.”

“और चढना?” अम्मींनी विचारले.

“नोबोरिनिकुइ. हा जिना चढायला अवघड आहे.”

अम्मी हसल्या. “मतलब जिना खराब, मैं नै?”

‘मला चढता येत नाही’ असे सांगणारे रूप जपानीतही आहे आणि ‘चढायला अवघड जिना’ आपणही म्हणतो. पण अम्मींनी तसे कधी म्हटले नव्हते. नांदेडच्या घरात त्यांची खोली वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. कित्येक महिने त्या ‘चढ्या नै जाता’ म्हणत होत्या आणि आम्ही गुडघ्यांना तेल, डॉक्टर, व्यायाम सुचवत होतो. जिन्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

रात्री भाचीने आणखी एक शब्द दिला: ‘इइनिकुइ’, बोलायला अवघड. ‘मला खाली राहायचे आहे’ हे अम्मींना तसेच झाले असावे. खालची खोली आमच्या वह्या-पुस्तकांची. ती मागायची कशी?

परतल्यावर पुस्तके वर गेली, अम्मींचा पलंग खाली आला. पहिल्या सकाळी आम्ही विचारले, “झोप लागली ना, अम्मी?”

“लगी,” त्या म्हणाल्या, “पर ऊपर हवा अच्छी आती थी.”

आता दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवायला मिस्त्रीला सांगितले आहे.