आपलाच आवाज वजा करायचा कसा?



अर्नाळ्यातल्या आमच्या वर्गात बरीच मुलं कोळ्यांची. बोटीवरचा वायरलेस सेट त्यांना चांगला ठाऊक. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. चौथीतल्या एकीने विचारलं, "बाई, मोबाइलवर दोघं एकदम बोलतात, मग सेटवर का नाय?" तिचे बाबा तेव्हा समुद्रात होते. कुणाचं बटण दाबलेलंच राहिलं तर त्या चॅनेलवर दुसऱ्याची हाक पोचत नाही, हे तिला माहीत होतं.

मोबाइलमध्ये जाणारा-येणारा आवाज वेगळ्या वारंवारतेवर असतो, नाहीतर आळीपाळीने फार भरभर जातो. एकाच वारंवारतेवर, एकाच क्षणी बोलणं आणि ऐकणं म्हणजे फुल-डुप्लेक्स. (डीएडला हे नव्हतं हो! वाचून शिकले.) अडचण आपल्याच आवाजाची. शेजारच्या अँटेनातून निघालेला आपला संकेत दुरून आलेल्यापेक्षा अब्जावधी पट मोठा असतो.

तुम्ही करून बघा. दोन मुलं समोरासमोर उभी करा, दोघांनी एकदम वेगवेगळे पाढे मोठ्याने म्हणायचे आणि समोरच्याचा ऐकून लिहायचा. जमत नाही. मग पुठ्ठ्याचे कर्णे द्या. आवाज समोर जातो, स्वतःच्या कानाकडे कमी येतो. मिलिमीटर लहरींत हेच करतात. लहर इतकी बारीक की तळहाताएवढ्या जागेत कितीतरी अँटेना मावतात आणि झोत हवा तिकडे वळवता येतो. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास कोलकात्यात अशाच लहरींवर प्रयोग केले होते.

तरी थोडं गळतंच. मग वजाबाकी! आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असतं. फळ्यावर मांडलं: 10007 − 10000 = 7. तो 7 म्हणजे समोरच्याचा आवाज. आपला अंदाज 10003 झाला तर उरतात 4. पहिली वजाबाकी विद्युत संकेतावरच, नाहीतर यंत्राचा कान बधिर होतो. उरलेली आकड्यांत. भिंतीवरून परतलेला आवाजही वजा करायचा, आणि मधून माणूस गेला की गणित नव्याने मांडायचं. हातच्याची वजाबाकी कशाला, असं विचारणाऱ्या पालकांना मी आता हेच सांगते.

त्या मुलीला मात्र सांगितलं, बोटीवर सेटच बरा. मिलिमीटर लहरी फार लांब जात नाहीत आणि झोत एकाकडेच जातो. वादळात एकाची हाक सगळ्या बोटींना ऐकू यायला हवी.