फुकटचं की विकतचं?

कॉम्प्युटर ब्रँचला अॅडमिशन मिळाली की गावाकडची मंडळी आपल्याला इंजिनिअर म्हणायला डिग्रीची वाट बघत नाहीत. मामाचा प्रिंटर, शेजारच्या काकूंचा मोबाईल, असं सगळं आपल्याकडे येतं. त्यातला एक प्रश्न मात्र घरी, होस्टेलमध्ये, मेसच्या रांगेत सगळीकडे सारखाच असतो: "अँटीव्हायरस कोणता टाकू? फुकटचा चालते, का विकतचाच घ्यावं लागते?"

आमच्या होस्टेलमध्ये यावर तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, पैसे देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दुसरा म्हणतो, फुकट ते फुकटच. तिसरा पक्ष सगळ्यात हुशार: विकतचाच टाकायचा, पण 'क्रॅक' करून! या तिसऱ्या पक्षाबद्दल एवढंच सांगते, की क्रॅक चालवायच्या आधी तो आपल्याला अँटीव्हायरस बंद करायला लावतो. कुलूप घ्यायला चोराच्या घरी जायचं आणि जाताना आपलं दार उघडं टाकायचं, असा हा व्यवहार आहे. तेव्हा उरले दोन पक्ष.

मला या वादात पडावं लागलं ते बाबांमुळे. तुमसर तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. धानाचा हंगाम आला की आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायला आधी ऑनलाइन नोंदणी लागते. सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक घेऊन माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली असतात. नोंदणीला शेवटची तारीख असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून 'शॉर्टकट व्हायरस' आला. सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नुसते बाण असलेले चित्र! फायली खरं तर गेल्या नव्हत्या, त्या व्हायरसने लपवल्या होत्या. पण हे कळेपर्यंत अर्धा दिवस गेला आणि ओट्यावरचे लोक उन्हात तसेच बसून राहिले.

या हंगामाच्या आधी बाबांच्या विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली. फोन आला, "बाई, हजाराच्या आसपास मागते हा. भरू का नको?" मी ताबडतोब पहिल्या पक्षाचं भाषण सुरू केलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फुकट देतात म्हन्ते तू, तं त्याईचं घर कसं चालते?"

चार सेमिस्टरमध्ये कोणी विचारला नव्हता असा हा प्रश्न होता. म्हणून मी लायब्ररीत बसून जरा खोदकाम केलं.

आधी थोडा इतिहास. आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट सुरू झाली ती पुण्यात, एका कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून. दहावीनंतर शाळा सोडलेले कैलाश काटकर दुरुस्तीची कामं करत. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडापेक्षा व्हायरसच जास्त सापडू लागले, तेव्हा संजयनी ते काढायचे प्रोग्राम लिहिले. १९९५ मध्ये डॉसवर चालणारं 'क्विक हील' बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीचंही नाव तेच झालं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. म्हणजे विकत घेणाऱ्यांच्या पैशावर दुरुस्तीच्या दुकानाची कंपनी झाली. इथे घर कसं चालतं ते सरळ दिसतं.

आता फुकटवाले. होस्टेलच्या आवडीचे अवास्ट आणि एव्हीजी हे दोन्ही मूळचे चेक देशातले. २०१६ मध्ये अवास्टने एव्हीजी विकत घेतली. फुकट आवृत्ती कोट्यवधी लोकांनी वापरायची, त्यातल्या थोड्यांनी पुढे पैसे भरून मोठी आवृत्ती घ्यायची, असा त्यांचा हिशोब. यात वाईट काही नाही. पण जानेवारी २०२० मध्ये बातमी बाहेर आली, की अवास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती इतर कंपन्यांना विकत होती. जंपशॉट त्याच महिन्यात बंद केली गेली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. बाबांनी अवास्टचं नावही ऐकलं नव्हतं, पण शंका बरोबर जागी होती.

मग विकतचाच घ्यावा? थांबा. तिसरा एक फुकटचा आहे, जो आपण मोजतच नाही. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये 'सिक्युरिटी एसेन्शियल्स' फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच बसवून दिला. याचं घर विंडोजच्या किमतीवर चालतं, म्हणजे पैसे आपण आधीच दिलेले आहेत. सुरुवातीला त्याला लोक हसायचे. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय अशा तीन विषयांत ६-६ गुण देते, त्यात डिफेंडर गेली काही वर्षं पैकीच्या पैकी गुण वारंवार घेतो आहे. आपल्यापैकी कितीजणांना असं जमतं?

अँटीव्हायरसचं काम तरी काय असतं? ओळखीच्या व्हायरसच्या खुणा जुळवून बघणं हा त्याचा जुना धंदा. पण रोज नवे व्हायरस येतात, म्हणून प्रोग्राम वागतो कसा यावरही तो लक्ष ठेवतो. एखादा प्रोग्राम अचानक सगळ्या फायलींवर कुलूप लावत सुटला, तर त्याला अडवायचं. फुकटच्या आणि विकतच्या आवृत्तीत हे मूळ इंजिन बहुतेक वेळा एकच असतं. पैसे घेतले जातात ते वरच्या सामानाचे: मुलांवर लक्ष, व्हीपीएन, पासवर्डची तिजोरी आणि फोनवर मदत.

आणि एक गोष्ट कोणताच अँटीव्हायरस भरून काढत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं, ते जास्त अडकले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाबांचा कॉम्प्युटर विंडोज १० चा, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची चिप त्यात नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची एक वर्षाची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, तिच्यात नाव नोंदवणं हे अँटीव्हायरसच्या आधीचं काम निघालं.

हे सगळं वाचून मी सुट्टीत घरी गेले. निकाल तयार होता: डिफेंडर ठेवा, हजार रुपये वाचवा. दुकानात बसले तेव्हा मात्र डेस्कटॉपवर 'धान नोंदणी' नावाचा एक फोल्डर दिसला. उघडला तर आत गावातल्या आणि आजूबाजूच्या दोन-तीनशे माणसांचे आधार, पासबुक आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेले! "पुढच्या वर्षी पुन्हा लागतात ना, लोकाईले पुन्हा कागद आनाव लागत नाही," बाबा म्हणाले. हेतू चांगलाच होता. पण मला पहिल्यांदाच घाम फुटला. आम्ही इतके दिवस कुलपाच्या किमतीवर भांडत होतो आणि घरात दुसऱ्यांचे दागिने उघड्यावर होते. हा फोल्डर चोरीला गेला तर नुकसान आमचं नाही, ओट्यावर बसणाऱ्या माणसांचं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून तो फोल्डर रिकामा केला. आता नियम असा, की नोंदणीची पावती निघाली की कागद पुसायचे. जे कॉम्प्युटरमध्ये नाहीच, ते कोण चोरणार? गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हसाठी वेगळं साधं खातं केलं, ज्याला काही इन्स्टॉल करायचा अधिकार नाही. दुकानाच्या हिशोबासाठी एक हार्ड डिस्क घेतली. ती रात्री कॉपी झाली की काढून कपाटात जाते, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो.

आणि हजार रुपये? ते बाबांनी भरले. "तू परीक्षेले बसली असशीन तं मी कोनाले फोन करू? यायचा मानूस मराठीत बोलते," ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आता वाटतं की असायचं कारणही नाही. बाबांनी पैसे व्हायरस पकडण्यासाठी दिलेच नाहीत. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी फोन उचलणाऱ्या माणसासाठी दिले. दुकानासाठी ते योग्य आहेत. घरातल्या भावाच्या लॅपटॉपवर मात्र डिफेंडरच आहे आणि तिथे एक रुपयाही खर्च केलेला नाही.

तेव्हा कोणी विचारलं तर मी आता असं सांगते. अभ्यास आणि सिनेमापुरता कॉम्प्युटर असेल तर विंडोजमधला डिफेंडर पुरे, फक्त अपडेट चालू ठेवा. धंद्याचा असेल आणि मदतीला कोणी नसेल तर विकतचा घ्या, पण मुदत संपू देऊ नका. संपला तर काढून टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागेल. दोन अँटीव्हायरस एकत्र नांदवू नका, त्यांचं एकमेकांशीच भांडण होतं. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून तपासणीची साधनं फुकट मिळतात, तीही बघा. आणि विकतचा असला तरी बेफिकीर राहू नका. व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली आणि आपणच बोटाने 'परवानगी द्या' दाबलं, तर घरच्या कॉम्प्युटरमधला अँटीव्हायरस फोनला वाचवायला धावून येत नाही.

हंगाम सुरू झाला आहे. बाबांचा परवा फोन आला होता. एका आजोबांनी विचारलं म्हणे, "मागच्या सालचा कागद हाये ना तुज्याकडं?" बाबांनी सांगितलं, नाही, पुसला. आजोबा जरा कुरकुरले आणि घरी जाऊन कागद घेऊन आले. एवढी कुरकुर मला चालेल.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी